बुडती माशी: ट्राउट आणि स्टीलहेडसाठी वेट फ्लाय बांधताना कुठे चुकतं

पावसाळ्यात रविवारी दुपारी आमच्या घरी चार-पाच मुलं माश्या, म्हणजे मासे धरायची खोटी आमिषं, बांधायला बसतात. एक खानापूरचा, दोघं निपाणीची, बाकीची बेळगावातलीच. आठवडाभर घरी बांधलेल्या माश्या ती काडेपेटीत घालून आणतात आणि मी एकेक माशी पाण्याच्या ग्लासात सोडतो. बहुतेक तरंगतात. दिसायला देखण्या, पण तरंगतात. ज्या बुडतात, त्यांतल्या पुष्कळ माश्यांच्या डोळ्यातून, म्हणजे गळाच्या टोकाच्या कडीतून, तंगूस (मासेमारीची नायलॉन दोरी) ओवता येत नाही, कारण डोक्यापाशी दोऱ्याचा गोळा झालेला असतो. दरवर्षी नवी मुलं येतात आणि दरवर्षी याच दोन चुका होतात. दोन्हींचं मूळ बांधण्यात कमी आणि तयारीत जास्त असतं. म्हणून इथे तयारीवर मी जास्त वेळ घालवणार आहे.

माशी म्हणजे पिसं, लोकर, जर वगैरे गळावर बांधून केलेलं खोटं आमिष. पाण्यावर तरंगते ती ड्राय फ्लाय, पाण्याखाली वाहत जाते ती वेट फ्लाय. ट्राउटला थंड पाणी लागतं, त्यामुळे तो आपल्या मलप्रभेत किंवा घटप्रभेत नाही. त्यासाठी आपल्याकडची मंडळी हिमाचलात तीर्थन नदीवर जातात. स्टीलहेड म्हणजे समुद्रात जाऊन वाढलेला आणि अंडी घालायला नदीत परत येणारा रेनबो ट्राउट. तो उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या नद्यांत मिळतो. माझा भाचा तिकडे वॉशिंग्टन राज्यात असतो, त्याच्यामुळे मी मोठ्या माश्या बांधायला शिकलो. सरावाला मात्र लांब जायची गरज नाही. बारीक काळी बुडती माशी आपल्या तलावातली चिलापीही घेते. पाणी कुणाच्या ठेक्यात आहे ते विचारून घ्या, एवढंच.

## १. सामान: जे बुडेल तेच घ्या

पहिली चूक पिसं निवडतानाच होते. सगळ्यांना गावरान कोंबड्याच्या मानेची पिसं आवडतात. लांब, चकाकती, लालसर सोनेरी. पण कोंबड्याच्या पिसाचे तंतू कडक असतात, पाणी शोषत नाहीत आणि माशीला पाण्यावर उभं धरतात. ड्राय फ्लायला ती उत्तम. बुडत्या माशीला कोंबडीची पिसं लागतात. तीही मानेची किंवा पाठीची, मऊ, टोकाला गोलसर, बुडाशी भुरभुरीत. ओली झाली की ती मिटतात आणि प्रवाहाच्या प्रत्येक झोतानं उघडझाप करतात. माशाला ती उघडझाप जिवंत वाटते.

चिकनच्या दुकानात सांगून ठेवलं तर काळ्या तलंगेची मानेची पिसं मिळतात. पंखांसाठी पाळीव बदकाची पिसं घ्या. इंग्रजी पुस्तकांत बहुतेक ठिकाणी तित्तराचं पीस सांगितलेलं असतं. आपल्याकडे रानातला तित्तर मारणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हा आहे, तेव्हा त्या वाटेला जाऊ नका. तपकिरी ठिपक्यांची गावरान कोंबडी शोधलीत तर तिचं पीस तेच काम करतं.

मोरपीस आपोआप गळून पडलेलंच वापरा. आणि मोरपिसाची माशी परदेशी पाठवू नका, मोराच्या पिसांच्या निर्यातीला बंदी आहे. भाच्याला मी काळ्या लोकरीच्या माश्या बांधून देतो.

बाकीचं सामान बेळगावात घरबसल्या जमतं:

- रेशमाचा बारीक दोरा आणि जर. शहापूर-वडगाव भागात मागावर उरलेले तुकडे मिळतात. हल्लीची पॉलिस्टरची जर पाण्यानं काळी पडत नाही, ती चांगली.
- तांब्याची बारीक तार. मोटार वाइंडिंगच्या दुकानात टाकाऊ वेटोळं पडलेलं असतं. शिलाईच्या दोऱ्याइतकी बारीक मागा.
- मधमाशीचं मेण.
- डोक्याला लावायला रंगहीन नेलपॉलिश.
- गळ धरायला व्हाइस. सुरुवातीला सोनारकामातला छोटा हात-व्हाइस टेबलाच्या कडेला घट्ट बांधला तरी चालतो.
- दोन कात्र्या. एक पिसांसाठी टोकदार, दुसरी तार आणि जर कापायला. तारेनं पिसांच्या कात्रीची धार जाते.

शिलाईचा सुती दोरा नको. तो जाड असतो, ओला झाला की फुगतो, आणि सहा वेढ्यांत डोक्याचं बोंडूक होतं.

## २. पिसांची तयारी, आदल्या दिवशी

कोंबडीच्या पिसांना तेलकटपणा असतो. तो काढला नाही तर मऊ पीससुद्धा सुरुवातीला तरंगतं. कोमट पाण्यात थोडा शाम्पू घालून पिसं हलकेच चोळा, दोनदा स्वच्छ पाण्यात काढा, जुन्या धोतरावर पसरून सावलीत वाळवा. जुलैत इकडे आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही, तेव्हा पंख्याखाली ठेवा. ओलसर पिसं डब्यात गेली की बुरशी धरते आणि त्या वासानं अख्खा डबा फुकट जातो. पूर्ण वाळल्यावर पिशवीत घालून दोन-तीन दिवस फ्रीझरमध्ये ठेवा, किडे-लिखा मरतात. मग डांबराच्या गोळ्या घालून बंद डब्यात.

बांधायला बसण्याआधी पिसं मापानुसार निवडून घ्या. पीस हातात वाकवलं की तंतू उभे राहतात. गळाच्या दांडीपासून टोकापर्यंत जे अंतर असतं, त्याच्या साधारण दीडपट तंतूंची लांबी असावी. यापेक्षा लांब झालं तर मासा शेपटाकडून चावतो आणि गळ तोंडाबाहेर राहतो.

तपासा: एक धुतलेलं आणि एक न धुतलेलं पीस पाण्यात टाका. फरक डोळ्यांनी दिसला की हे काम पुढे कधी चुकवणार नाही.

## ३. गळाची तयारी

गळाचा नंबर जितका मोठा तितका गळ लहान, हे नव्यांना उलटं वाटतं. ट्राउटच्या बुडत्या माशीला १० ते १४ नंबर, स्टीलहेडला ६ ते २. शिकायला १० नंबर घ्या. त्याची दांडी साधारण एक सेंटिमीटर असते, हातात बसते आणि चुका दिसतात. तार जाड असावी. ड्राय फ्लायचे बारीक तारेचे गळ स्वस्त मिळाले म्हणून घेऊ नका, बुडायला वजन कुठून येणार?

गळाच्या टोकामागचा उलटा काटा दाबायचा असेल तर तो माशी बांधण्याआधी पकडीनं दाबा. काही गळ दाबताना तुटतात. अर्धा तास बांधलेल्या माशीचा गळ तुटला की फार जिवाला लागतं.

मग गळाचा वाक व्हाइसमध्ये धरा, दांडी आडवी, समांतर. डोळा नखानं हलकाच खाली दाबून सोडा. टणकन जागेवर आला पाहिजे. वाकून राहिला किंवा तुटला तर गळ फेकून द्या.

सावधान: कात्री आणि गळ दोन्ही डोळ्यांजवळ असतात. चष्मा घाला. खाली पडलेला गळ सापडेपर्यंत जागचे उठू नका, घरात लहान मूल असेल तर अजिबात नाही.

## ४. दोरा हातात आणणं

दोऱ्यावर मी एकदा वडगावातल्या एका विणकर मावशींकडून जे शिकलो, ते कुठल्या पुस्तकात मला सापडलं नव्हतं. मी दोरा ओढून-ओढून बांधत होतो. त्यांनी माझ्या हातातला दोरा घेतला, दोन बोटांत उलटा फिरवला, आणि तो एकदम फितीसारखा चपटा पसरला. म्हणाल्या, "ओढू नका हो भाऊ. पीळ काढलात की तो आपणच बसतो."

चपटा दोरा कमी जागेत बसतो आणि गाठोडं होत नाही. म्हणून पाया घालताना, अंग बांधताना पीळ काढलेला दोरा वापरा. पिसाची काडी पकडायची असेल तेव्हा उलट थोडा पीळ भरा, मग तो चावतो. मेण अगदी हलकं. दोरा मेणाच्या खड्यावरून एकदाच ओढायचा. दोनदा ओढला तर पिसांचे तंतू चिकटून बसतात आणि पाण्यात उघडत नाहीत.

## ५. पहिली माशी: काळी मोरपिशी

इंग्लंडात या माशीला ब्लॅक अँड पीकॉक स्पायडर म्हणतात. मोरपिसाच्या झालरीचं अंग आणि काळ्या कोंबडीच्या पिसाचे दोन वेढे, बास. शिकायला यासारखी दुसरी माशी नाही, कारण तिच्यात लपवायला जागाच नाही.

अ. जागा सोडा. दोरा लावण्याआधी डोळ्यामागे दोन मिलिमीटर जागा नजरेनं राखून ठेवा. ही जागा डोक्याची आहे. शेवटपर्यंत तिथे काहीही जाऊ द्यायचं नाही. हवं तर पहिल्या दहा माश्यांना दांडीवर पेनानं खूण करा. मी कित्येक वर्षं ही खूण करत होतो.

आ. पाया. खुणेपासून मागे, वेढ्याला वेढा चिकटवून, वाक सुरू होतो तिथपर्यंत दोरा न्या. उघड्या गुळगुळीत दांडीवर बांधलेलं सगळं मासा लागला की फिरतं.

इ. तार. तांब्याच्या तारेचं टोक दांडीच्या खालच्या बाजूला, पूर्ण लांबीभर बांधा. मागे फक्त टोकापाशी बांधलं तर तिथे उंचवटा येतो आणि अंग ओबडधोबड होतं. तार मागे लोंबती राहू द्या.

ई. मोराची झालर. मोरपिसावरच्या डोळ्याखालच्या भागातले तीन लांब तंतू काढा. टोकाकडचा दीड-दोन सेंटिमीटर भाग कापून टाका, तो ठिसूळ असतो आणि हमखास तिथेच तुटतो. तिन्ही तंतू वाकापाशी एकत्र बांधा, दोरा खुणेपर्यंत पुढे आणा.

आता तंतू नुसते गुंडाळू नका. बांधताना राहिलेल्या दोऱ्याच्या शेपटाबरोबर, किंवा वेगळा तुकडा जोडून, त्यांना सैलसा पीळ द्या. दोरीसारखं झालं की गुंडाळा. ट्राउटचे दात बारीक पण धारदार असतात. नुसती झालर पहिल्याच माशाला सुटते, पिळलेली टिकते.

उ. तार उलटी फिरवा. झालर तुमच्यापासून पलीकडे गुंडाळली असेल तर तार अलीकडे. चार वेढे, सुटे-सुटे. सगळी मुलं इथे चुकतात: तार झालरीच्याच दिशेनं फिरवतात, ती झालरीत बुडते, आणि बांधायचं ते बांधत नाही. उलटी तार प्रत्येक वेढ्याला आडवी जाते आणि अंग धरून ठेवते. उरलेली तार कापू नका, पुढे-मागे हलवून तोडा. टोक राहत नाही.

तपासा: खुणेची जागा अजून रिकामी आहे का? नसेल तर इथेच उलगडा. यापुढे दुरुस्त होत नाही.

ऊ. पीस. ही पायरी सावकाश करा. काळ्या पिसाच्या बुडाचा भुरभुरीत भाग ओढून काढा. टोक दोन बोटांत धरा आणि खालचे सगळे तंतू मागे, बुडाकडे, विस्कटून उभे करा. टोकाला तंतूंचं एक छोटं त्रिकोणी शेपूट तेवढं उरेल. ते शेपूट दांडीवर ठेवून दोऱ्याच्या तीन घट्ट वेढ्यांनी बांधा, पिसाची खोलगट बाजू वाकाकडे. खोलगट बाजू डोळ्याकडे राहिली तर तंतू पुढे पंख्यासारखे उभे राहतात आणि माशी ओढताना गरगरते.

पकडीनं पिसाची काडी धरून एक वेढा द्या. थांबा. ओल्या बोटानं सगळे तंतू मागे सारा. मग दुसरा वेढा, पहिल्याच्या लगेच पुढे. पुन्हा मागे सारा आणि बांधा. दोन वेढे पुरेत. तिसरा द्यायचा मोह होतो, कारण कोरडी माशी विरळ दिसते. देऊ नका. पाण्यात ती भरते, आणि दाट पिसाची माशी बुडत नाही. माझ्याकडच्या मुलांना हा एक नियम सर्वांत जड जातो.

ए. डोकं. राखून ठेवलेल्या जागेत सात-आठ वेढ्यांचं लहान शंकू. मग शेवटची गाठ. साधी अर्धी गाठ मारून भागवू नका. तीर्थनवर पहिल्या खेपेला माझ्या माश्यांना मी प्रत्येकी दोन अर्ध्या गाठी मारल्या होत्या. तिसऱ्या माशानंतर डब्यातली निम्मी पिसं मोकळी झाली, आणि तिथून बाजार किती लांब! व्हिप फिनिश शिका: दोऱ्याचाच फास करून दोऱ्याच्या शेवटच्या भागावर चार-पाच वेढे द्यायचे आणि फास ओढून त्यांच्याखाली घट्ट करायचा. बोटांनी जमतं. आधी पेन्सिलीवर जाड सुतळी घेऊन वीस वेळा करा, मगच गळावर.

नेलपॉलिशचा थेंब सुईच्या टोकानं लावा, ब्रशनं नाही. ब्रशनं डोळा बुजतो. लगेच पिसाची काडी डोळ्यातून आरपार काढा. वाळल्यावर दुसरा हात.

## ६. पंखांची माशी

काळी मोरपिशी सलग पाच सारख्या झाल्याशिवाय इकडे वळू नका. अंगाची रीत तीच. फरक पंखांचा, आणि पंखांत फक्त एकच गोष्ट शिकायची आहे.

बदकाच्या डाव्या पंखाचं एक पीस आणि उजव्या पंखाचं एक, जुळतं. प्रत्येकातून गळाच्या तोंडाच्या (दांडी ते टोक या अंतराच्या) निम्म्या रुंदीची पट्टी कापा. दोन्ही एकाच बाजूच्या पंखाच्या घेतल्या तर वाक जुळत नाही आणि माशी वाकडी पोहते. आतल्या बाजू एकमेकींना लावून पट्ट्या दांडीच्या माथ्यावर धरा, टोकं वाकाच्या मागच्या कडेपर्यंत.

आता अंगठा आणि तर्जनीत पट्ट्या आणि दांडी मिळून चिमटीत घ्या. दोरा चिमटीतून वर न्या, पट्ट्यांवरून सैल वळवा, चिमटीतूनच पलीकडे खाली आणा. चिमूट घट्ट ठेवून दोरा सरळ खाली ओढा. तंतू एकावर एक खाली दबले पाहिजेत. चिमूट सुटली किंवा दोरा फिरवत ओढला की पंख दांडीच्या पलीकडच्या बाजूला लोळतो. लोळला तर दाबून नीट करत बसू नका. सोडा, नव्या पट्ट्या घ्या.

## ७. स्टीलहेडची माशी

स्टीलहेड मोठा मासा. नदी रुंद, पाणी वेगाचं, आणि हिवाळ्यात बर्फासारखं गार. माशीही मोठी आणि ठळक लागते. ग्रीन बट स्कंक ही तिकडची नेहमीची माशी: लाल शेपूट, मागे पोपटी बोंड, काळं अंग, चंदेरी जर, काळं पीस, वर पांढऱ्या केसांचे पंख. ६ नंबरच्या गळावर सुरुवात करा.

इथे क्रमच सगळं आहे. लाल पिसाचे थोडे तंतू शेपटाला. मग पोपटी लोकर, अंगाच्या पाचव्या भागाइतकी. *त्यानंतर* जर बांधा. आधी बांधलीत तर ती पोपटी बोंडावरूनही जाते आणि त्याचा रंग तुटतो. मग काळी लोकर दांडीचा पुढचा चौथा हिस्सा मोकळा सोडून. जरीचे चार-पाच वेढे. काळं पीस, दोन-तीन वेढे, आणि माथ्यावरचे तंतू खाली सारून पंखांना जागा करा.

पंखांना पांढऱ्या बकरीचे केस. मुळाशी बारीक लव असते, ती उवा काढायच्या फणीनं दोनदा विंचरून काढा. लव राहिली तर ती हवा धरते आणि माशी वर येते. लांब केस ओढून काढा, बाकीची टोकं पेनच्या टोपणात आपटून जुळवा. दाबून धरल्यावर जाडी आगकाडीएवढी असावी. जास्त केस घेतले की डोकं फुगतं आणि वेढ्यांतून केस गळतात.

केसांची मुळं तिरकी कापा, सरळ नाही. तिरक्या कापावर दोरा चढत जातो आणि डोकं निमुळतं होतं. पहिल्या चार वेढ्यांनंतर मुळाशी नेलपॉलिशचा थेंब सोडा, मग पुढचे वेढे. थेंब शेवटी वरून लावला तर आतले केस सुटेच राहतात.

तपासा: पंख चिमटीत धरून हलकेच ओढा. एक-दोन केस आले तर चालेल. झुपका आला तर उलगडून पुन्हा बांधा.

## ८. पाण्यातली परीक्षा

माशी पूर्ण वाळल्यावर, म्हणजे दुसऱ्या दिवशी, पाण्याच्या ग्लासात सोडा. बोटानं एकदा ओली करा. ती सरळ खाली गेली पाहिजे.

तरंगली तर या क्रमानं शोधा: पीस धुतलं होतं का, वेढे दोनपेक्षा जास्त झाले का, गळ बारीक तारेचा आहे का, केसांत लव राहिली का. यांतच कारण सापडतं.

मग तंगूस बांधून बादलीतून हळू ओढा. माशी फिरत असेल तर पंख वाकडे आहेत किंवा पीस उलटं बांधलंय. ती डब्यात ठेवू नका. फिरणारी माशी तंगुसाला पीळ घालते आणि नदीवर अर्धा दिवस गुंता सोडवण्यात जातो.

## ९. जपणूक

हिमाचलात ट्राउटची मासेमारी नोव्हेंबर ते फेब्रुवारी बंद असते आणि परवाना काढावा लागतो. आपल्याकडून लोक उन्हाळ्यात जातात. म्हणजे पावसाळ्यात बांधलेली माशी आठ-नऊ महिने डब्यात राहणार. बेळगावच्या दमटपणात गळ गंजायला तेवढे खूप झाले. डब्यात सिलिका जेलची पुडी ठेवा, औषधाच्या बाटल्यांत मिळते ती चालते. दर महिन्याला डबा उघडून वारा द्या.

आणि नदीवरून आल्यावर ओली माशी थेट डब्यात घालू नका. रात्रभर टोपीला किंवा कापडाला लावून वाळू द्या. एक ओली माशी शेजारच्या दहा कोरड्या गळांना गंज लावते. डोळ्यातला गंज सुईनं टोकरून पाहा. आत खरखर लागली तर ती माशी काढून टाका, कारण तंगूस तिथेच कापला जातो.